जांभळीवरून

"न्हाणीत घसरले गं बाई," रंगूबाई पुन्हा म्हणाली.

स्ट्रेचरवर पडून तिनं डावा हात छातीशी धरला होता. मनगट सुजून वाकडं झालेलं. डॉक्टरीणबाईंनी तिचे दंड पाहिले, पोटऱ्या पाहिल्या. सगळीकडं ओरखडे. मग त्यांनी पायाशी उभ्या असलेल्या सुनेकडं, रूपाकडं पाहिलं. रूपाची मान खाली.

"आजी, न्हाणीत पडून असे ओरखडे येत नाहीत. घरात कुणी मारतं का? ढकललं का कुणी? घाबरू नका. ताई, तुम्ही जरा बाहेर थांबा."

रूपा मुकाट्यानं वळली. शेलार गावाहून रिक्षात सासूचं डोकं मांडीवर घेऊन हीच पोर इथवर आली होती. 'कुनाला सांगशील न्हाय' असं सासूनं बजावलेलं, म्हणून आळ अंगावर येत असतानाही ती तोंड उघडत नव्हती. तेवढ्यात वडपे गावातल्या गोडाऊनातली ड्युटी अर्धी टाकून रंगूबाईचा लेक सागर धापा टाकत आला आणि बायकोचा चेहरा बघून दारातच थबकला.

"काय झालं गं?"

रंगूबाईला राहवेना. हाताच्या ठणक्यापेक्षा हे सोसवेना.

"थांब रूपे! बाई, तिला काय बोलू नका. मी जांभळीवर चढलेली. फांदी मोडली नि खाली आले."

"झाडावर? या वयात?"

"मंग? लहानपनापासून चढतेय. सासू व्हती तवा तिच्या चोरून, आता ल्योकाच्या चोरून."

पलीकडच्या खाटेवर कामतघर वस्तीतला, यंत्रमागावर काम करणारा एक लूमवाला होता, जिन्यावरून पडून पाय मोडलेला. "वाह चाची!" म्हणून तो खदखदून हसला आणि लगेच पाय धरून कण्हला.

डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चटकन दोन्ही हातांनी रंगूबाईची मान धरली. "हलू नका अजिबात. उंचावरून पडलात हे आधी सांगायचं ना!"

मानेचे, पाठीचे फोटो काढले. तोवर सागर भिंतीला टेकून उभा होता आणि रूपा त्याच्याशेजारी. मणके शाबूत निघाले. मोडलं होतं ते मनगट. ओलं प्लास्टर चढवताना डॉक्टरांनी बजावलं, "झाड आता बंद."

"बंद," रंगूबाई म्हणाली. ते काही तोंडदेखलं नव्हतं. फांदी कडाडली तेव्हा दुसरी फांदी हाताशीच होती, पण हात वेळेवर उचलला गेलाच नव्हता. तिला तिथंच समजलं होतं.

संध्याकाळी रूपानं तिचे केस विंचरून दिले. सागरनं चहा बशीत ओतला.

"जांभळं मी आनून दिली नसती का, आई?"

"जांभळं कुनाला पायजेत? वर जाऊन बसलं का बरं वाटतं."

सागरनं बशीवर फुंकर घातली.

"काय दिसतं वरून?"

"पयली नदी दिसायची. आता तुमची गोडाऊनंच गोडाऊनं."

"माझं दिसतं?"

"तुझं कंचं, ते मला काय ठावं? मी आपली तिकडं तोंड करून बसायची."

"लाल पत्र्याचं, आई. पार टोकाला."

रंगूबाईनं डोळे मिटले. निळे पत्रे, पांढरे पत्रे आणि टोकाला एक लाल. होता खरा.

"दिसतं," ती म्हणाली आणि बशीला ओठ लावले.