आवडाबाईंच्या अंगावरचा पांढरा झगा

मित्रांनो, तुमच्या अंगणातल्या दोरीवर फुलाफुलांचे गाऊन वाळत असतात. बायका ते दिवसभर घालतात आणि दुकानात जायचं झालं की खांद्यावर ओढणी नाहीतर टॉवेल टाकतात. मी तसला नाही. मी एक जुना, पांढरा, निव्वळ झोपायचा झगा आहे. गळ्यापर्यंत बटणं, मनगटापर्यंत बाह्या, बाह्यांना झालर, आणि पावलं झाकतील एवढी लांबी. काशीदमध्ये असा झगा दुसऱ्या कोणाकडे नाही, कारण मी दुकानातून आलेलो नाही. मी गोष्टीच्या पुस्तकातून आलो.

प्रणाली गावच्या वाचनालयात कामाला आहे. परदेशातल्या जुन्या कादंबऱ्यांची पिवळी पडलेली भाषांतरं तिला फार आवडतात. त्यातल्या एका चित्रात हातात मेणबत्ती घेतलेली मुलगी जिन्यावर उभी होती. तिच्या अंगात असाच झगा होता. लग्न ठरलं तेव्हा प्रणाली ते पुस्तक घेऊन मुरुडला रेहानाआपांच्या शिलाईच्या दुकानात गेली. आपांनी चित्र बघून मान हलवली. एवढा बंद झगा आपल्या हवेत घालून उकडून निघशील, असं त्यांनी सांगून पाहिलं. प्रणाली ऐकेना. मग त्यांनी मऊ सुती कापड निवडलं आणि मला मन लावून शिवलं.

सासरी आल्यावर शेजारणींनी मला पाहून तोंडाला पदर लावला. प्रणालीच्या सासूबाई आवडाबाईंनी मला पुढच्या दोरीवरून काढून मागच्या दारी वाळत घातलं. त्यांचं सगळं आयुष्य लुगड्यात गेलं होतं. नवरा बाळाजी होडी घेऊन मासेमारीला जायचा, त्या टोपली घेऊन किनाऱ्यावर वाट बघायच्या. बाळाजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगा चंदर उरणला बंदरावर ट्रेलर चालवतो आणि सुट्टीला घरी येतो. त्यामुळे घरात बहुतेक वेळ दोघी बायकाच.

दुपारी ओटीवर बसून प्रणाली सासूला त्या कादंबऱ्या वाचून दाखवायची. मी दोरीवरून ऐकायचो, आणि ऐकता ऐकता मला धास्ती वाटू लागली. गोंड्याची टोपी आणि गुडघ्यापर्यंतचा सदरा घालून चोराला शोधणारा म्हातारा आला की दोघी हसायच्या. पण पांढऱ्या झग्यातली बाई आली की हसू थांबायचं. कोणी झोपेत चालत गच्चीवर जायची, कोणी तापात बरळायची, कोणाला घरच्यांनी वेडी ठरवून माडीवर कोंडलेलं असायचं. एकदा आवडाबाईंनी विचारलं, "ह्या झग्यातल्या बायांचं कधी बरं होतच न्हाय का गं?"

प्रणालीने हसून पान उलटलं. मला मात्र तो प्रश्न लागून राहिला.

पुढे आवडाबाई मोरीत घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. ते जुळलं, पण लुगडं नेसण्याइतका जोर हातात राहिला नाही. त्याच सुमारास त्यांना विसर पडू लागला. आधी चुलीवरचं दूध, मग शेजारणींची नावं. शेवटी प्रणालीने कपाटातून मला काढलं. मी त्यांच्या अंगात गेलो तेव्हा त्या रडल्या.

"हे निजायचं हाय," त्या म्हणाल्या. "ह्यात मी लोकांपुढं कशी बसू?"

महिन्याभरात त्या रडायचं विसरल्या. मित्रांनो, मला ते रडण्यापेक्षा जड गेलं. शिवाय त्या बुटक्या होत्या आणि मी त्यांना लांब होतो. प्रत्येक पावलाला माझी कड त्यांच्या टाचेखाली यायची आणि माझा जीव वरखाली व्हायचा.

ते घडलं एका सुट्टीच्या दिवशी. वाचनालय चालू होतं म्हणून प्रणाली तिकडे गेली होती. शेजारची दिपाली सोबतीला बसली होती, ती भात उतरवायला आपल्या घरात गेली. आवडाबाई उठल्या, त्यांनी दाराची कडी काढली आणि सुरूच्या झाडांमधून थेट किनाऱ्यावर आल्या.

किनारा पर्यटकांनी फुलला होता. भर उन्हात पांढऱ्या झग्यातली म्हातारी पाहून लोक बाजूला सरकले. एका टोळक्याने भूत भूत म्हणून हसून घेतलं. दोघांनी फोन वर धरले. कोणी विचारलं नाही की आजी, कुठे निघालात. त्या सरळ पाण्यात शिरल्या.

भरती चढत होती. आमच्याकडे पाणी चार पावलांत खोल होतं. माझा घेर आधी फुगला, मग भिजून दगडासारखा जड झाला आणि त्यांच्या पायांना गुंडाळला. लाट मागे फिरली की मी तिच्याबरोबर ओढला जाई आणि त्यांनाही ओढी. कादंबरीतल्या साऱ्या झगेवाल्या बाया मला आठवल्या. मीच हिला बुडवणार, असं मला वाटलं. मला फाटून सुटायचं होतं, पण आपांची शिवण पक्की होती.

तेवढ्यात शहाळी विकणारा भिकू कोयता टाकून धावत आला. तो गावचाच. कमरेइतक्या पाण्यात येऊन त्याने त्यांचा दंड धरला, पण ओढलं नाही.

"आवडाकाकी, कुठं चाललाव?"

"बोटी आल्या," त्या समुद्राकडे बघत म्हणाल्या. "ह्ये हाका मारतात. टोपली इसरली रे."

भिकूने किनाऱ्याच्या वरच्या बाजूला हात केला. "बोटी आज वरच्या अंगाला लागल्यात, काकी. चला, मी दावतो."

आणि त्या वळल्या. वाळूवर पोहोचेपर्यंत, दिपालीकडून कळलं तशी, प्रणाली अनवाणी धावत आली होती. तिने आपली ओढणी सासूच्या खांद्यावर टाकली आणि तिथेच खाली बसली.

प्रणालीचा फोन गेल्यावर चंदर संध्याकाळी आला तो कुलूप घेऊनच. आईला काही झालं तर मी काय करू, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. प्रणालीने कुलूप बाजूला ठेवलं. "त्यांना बोटी दिसतात," ती म्हणाली. "कोंडून घातलं तर दिवसभर दार बडवतील. मी नेईन त्यांना. रोज."

मग तिने कात्री घेतली आणि मला गुडघ्याखाली कापलं. झालरीही काढल्या, त्या जेवताना ताटात लोळायच्या. मला वाईट वाटलं नाही. आता रोज संध्याकाळी आवडाबाई मला घालून, खांद्यावर ओढणी घेऊन, सुनेचा हात धरून वाळूत बसतात. बोटी आल्या का विचारतात. प्रणाली सांगते, अजून नाही. तरीही दुपारी कडी वाजली की माझ्या धाग्याधाग्यात कापरं भरतं. दर वेळी भिकू जवळ असेलच असं नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एक विनवणी. झोपायच्या कपड्यात कोणी म्हातारं माणूस रस्त्यात एकटं दिसलं, तर हसू नका, फोन काढू नका. जवळ जा, कुठे चाललात ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. मी त्यांच्या अंगाला इतका लगटून असतो, पण मला त्यांना धरता येत नाही. माझ्या बाह्यांत माझे हात नाहीत. तुम्हाला आहेत.