मूळ धरलेला धूर

विल्डा ट्रास्कला तो माणूस दिसला तेव्हा तो शंभर पावलांवर येऊन ठेपला होता. तीन वर्षांपूर्वी तिने त्याला मैलभर खाली, वळणावरच हेरला असता. त्याची टोपी कसली आणि तो पाय कुठला ओढतो तेही सांगितलं असतं. आज मात्र खडीवर बूट वाजले तेव्हाच तिने मान वर केली. पहिलाच गुण गेला, असं ती मनात म्हणाली.

तो येणार हे तिला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी समोरच्या ग्रे मेअर शिखरावरच्या बर्ट ऑस्टबीने वायरलेसवर तिला सावध केलं होतं. बर्ट आणि ती गेली चौदा वर्षं रोज संध्याकाळी वायरलेसवरून सोंगट्यांचा डाव मांडत. समोरासमोर भेटले असतील तीनदा, पण वायरलेसवर बोलताना दोघांची गाडी केव्हाच अरे-तुरेवर आली होती.

"विल्डे, खालच्या कचेरीतून माणूस येतोय तुझ्याकडे. मुक्कामाला," बर्ट म्हणाला होता.

"कशाला मेला?"

"डागडुजी बघायला म्हणतात. पण म्हातारा कॅस आठवतोय ना? त्याच्याकडेही असाच एक जण 'डागडुजी बघायला' गेला. गुपचूप दरीत धुराचा डबा पेटवून आला. कॅस तेव्हा भोपळ्याचा केक भाजत होता. केक छान झाला म्हणे, पण आठवड्यात कॅस घरी बसला."

शिखरांवर राहून रानातल्या वणव्यांवर नजर ठेवणाऱ्या टेहळणीवाल्यांची अशी परीक्षा घ्यायची रीत जुनी होती. न सांगता कुठेतरी धूर करायचा आणि शिखरावरचा माणूस किती मिनिटांत कळवतो ते घड्याळ लावून बघायचं. विल्डाने अशा पाच परीक्षा दिल्या होत्या आणि पाचही जिंकल्या होत्या. पण तेव्हा तिचे दोन्ही डोळे धड होते. आता उजव्या डोळ्यात दुधाचा थेंब पडावा तसं झालं होतं आणि डाव्याचाही भरवसा उरला नव्हता. मेमध्ये कचेरीचा फॉर्म भरताना 'दृष्टी' या शब्दापुढे तिने ठोकून 'उत्तम' लिहिलं होतं.

सॅडलर शिखरावरची ही खोली गेली तर तिच्याकडे काय उरणार होतं? मोंटानातल्या एका लहानशा गावात बहिणीच्या घरामागची एक पडवी, आणि बहिणीची जीभ. तेवीस उन्हाळे तिने इथे काढले होते. पहिले चार नवऱ्याबरोबर, एमेटबरोबर, आणि तो गेल्यावर एकोणीस एकटीने. हिवाळा ती नुसता कसाबसा ढकलायची.

"मिसेस ट्रास्क? मी लीलंड फिस्क," तो माणूस धापा टाकत म्हणाला. चाळिशीचा, लांबट तोंडाचा, बोलताना जमिनीकडे बघणारा.

"या फिस्कसाहेब. डागडुजी करायला आलात ना? हत्यारं खेचरावरून मागून येतायत वाटतं?"

"नाही, आज नुसतं बघायचंय," तो म्हणाला आणि लाल झाला. पिशवीतून त्याने टिनमधले पीच काढून तिच्या हातात ठेवले. विल्डाने डबा घेतला आणि मनात म्हणाली, ही लाच की गळाचं आमिष?

मग तो कामाला लागला. खोलीभोवती पावलं मोजत फिरला. फळ्यांवर बोटं वाजवून बघितली, एका ठिकाणी चाकूचं टोक खुपसलं. चारी भिंतींच्या खिडक्या न्याहाळल्या, काचा मोजल्या. आणि प्रत्येक वेळी खिशातून छोटी वही काढून काहीतरी टिपलं.

"ते जवळचं झाड किती लांब असेल, मिसेस ट्रास्क?"

विल्डाच्या मनात पाल चुकचुकली. "कुठलं?"

"ते वाकडं. पूर्वेचं."

तिला ते झाड म्हणजे एक हिरवा डाग दिसत होता. पण त्या झाडाला तिने तेवीस उन्हाळे कपड्यांची दोरी बांधली होती. "एकोणचाळीस पावलं. माझी पावलं. तुमची बत्तीस भरतील," ती तोऱ्यात म्हणाली.

त्याने टिपून घेतलं. "आणि ऑक्टोबरात वारा कुठून येतो?"

"वायव्येकडून. सकाळी पडलेला असतो, दहानंतर उठतो." ऑक्टोबरचा वारा विचारून हा डोळ्यांची काय परीक्षा घेणार, ते तिला उमगेना. तेव्हा यातही काहीतरी डाव असणार असं तिने धरून टाकलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी तिची गत झाली होती.

जेवणाआधी तो झऱ्यावरून पाणी आणतो म्हणाला. झरा अर्ध्या मैलावर. जायला यायला पाऊण तास पुरे. फिस्क दीड तासाने आला, बादली अर्धी सांडून.

"वाट चुकलात?"

"जरा... जागा बघत होतो."

"असं होय!" विल्डा म्हणाली. आता तिची खात्रीच झाली. डबा ठेवून आला लेकाचा. झऱ्याच्या अंगाला की टॅमरॅक ओढ्याच्या? घड्याळाची कळ लावून सकाळी पेटणारे डबेही निघालेत, असं बर्ट म्हणाला होता. बर्ट काहीही म्हणतो हे खरं, पण आज तिला त्याचं सगळंच पटत होतं.

घेवडा आणि बेकन खाऊन होतात न होतात तोच आभाळ भरून आलं. पश्चिमेकडून गडगडाट जवळ सरकू लागला. विल्डाने चुलीचं दार लावलं, वायरलेसची तार सोडवली आणि काचेच्या पायांचं स्टूल मधोमध ओढलं. शिखरावर वीज पडली तर माणूस जमिनीशी जोडलेला राहू नये म्हणून ते स्टूल. ते एकच होतं आणि माणसं दोन.

"तुम्ही पलंगावर पाय वर घेऊन बसा. त्याच्याही पायांखाली काच आहे. लोखंडाला हात लावाल तर मला सकाळी तुम्हाला फडक्यात बांधून खाली पाठवावं लागेल," ती म्हणाली.

तो निमूट चढून बसला. विल्डा स्टुलावर उभी राहून विजा टिपू लागली. कुठे पडली, किती लांब, ते लक्षात ठेवून नकाशावर खूण करायची म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठे बघायचं ते कळतं. लखलखाट बघायला तेज डोळे लागत नाहीत. वीज आंधळ्यालाही दिसते. तास दीड तास ती अगदी निर्धास्त होती. "टॅमरॅक ओढ्याच्या वर एक. कड्याच्या खाली दोन," असं मोठ्याने सांगत होती. मग पावसाने झोडपून काढलं आणि सगळं शांत झालं. फिस्कला झोप लागली. जमिनीवर अंथरूण टाकून विल्डा त्याच्या घोरण्यावरही संशय घेत पडून राहिली.

सकाळी उठून बघते तर जे व्हायला नको होतं तेच झालेलं. पावसाने भिजलेल्या दऱ्यांमधून पांढरे पुंजके वर निघत होते, इकडे एक, तिकडे चार. टेहळणीवाले त्यांना पाणकुत्री म्हणतात. धुक्याचीच पोरं ती, पण हुबेहूब धुरासारखी. भल्याभल्यांना त्यांनी चकवलंय. गेल्या जुलैत विल्डालाही चकवलं होतं. सहा माणसं फावडी घेऊन अकरा मैल चालत गेली आणि त्यांना मिळालं काय, तर ओलं गवत. कचेरीत अजून तिला त्यावरून टोमणे मारत.

आणि टॅमरॅक ओढ्याच्या वरच्या अंगाला एक पुंजका तिला बरा वाटेना.

खोलीच्या मधोमध नकाशा लावलेली लोखंडी तबकडी होती, तिच्यावर फिरती कडी आणि कडीला समोरासमोर दोन नेम. विल्डाने कडी फिरवली, डावा डोळा नेमाला लावला. दिसलं ते सगळं दुधात कालवलेलं. धुकं असेल आणि तिने कळवलं, तर पुन्हा सहा माणसं, पुन्हा हसं, आणि पलंगावर बसलेला हा बाबा ते वहीत लिहिणार. याचा डबा असेल आणि तिने कळवलं नाही, तर कॅससारखी घरी. आपण डोळा किती ताणतोय हे त्याला दिसू नये म्हणून ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"धुकं छान दिसतंय," फिस्क म्हणाला.

"दिसतंय ना?" ती मागे न बघता म्हणाली. मनात म्हणाली, चकव मला, चकव.

मग तिला एमेट आठवला. पहिल्याच उन्हाळ्यात तो म्हणाला होता, विल्डे, रंग बघू नकोस, आकार बघू नकोस, पाय बघ. पाणकुत्रं हिंडतं, धूर मूळ सोडत नाही. तिने नेम त्या पुंजक्याच्या पायथ्याशी बांधला आणि कडी तशीच धरून थांबली. नुसती पांढुरकी छटा दिसली तरी पुरे होती. ती सरकते की नाही एवढंच बघायचं होतं. पाच मिनिटं झाली. आजूबाजूची पाणकुत्री वर चढली, विरली, दुसरी आली. दहा मिनिटं झाली. नेमातलं ते पांढरं वर पसरलं, वाकलं, पण पाय तिथंच.

तिने तार जोडून वायरलेस उचलला. "सॅडलर बोलतेय. धूर. दोनशे एक्केचाळीस अंश, टॅमरॅक ओढ्याच्या वर, सहा मैल."

"विल्डे, माझ्या बाजूने मध्ये कडा येतो," बर्टचा आवाज आला. "मला काही दिसत नाही गं. पाणकुत्रं तर नाही ना? नीट बघ."

कचेरीतला माणूसही तेच म्हणाला. "मिसेस ट्रास्क, एवढ्या धुक्यात विमान सोडता येत नाही. नुसत्या तुमच्या शब्दावर माणसं पाठवू?"

विल्डाने एकदा फिस्ककडे बघितलं. त्याचं तोंड उतरलं होतं. पकडला गेला, तिला वाटलं.

"माझ्या शब्दावर पाठवा," ती म्हणाली.

मग अडीच तास. तिने हकलबेरीची रानफळं घालून पॅनकेक केले, त्याच्या ताटात चार वाढले आणि स्वतः एकही खाल्ला नाही. फिस्कने पीचचा डबा फोडला, तिच्यापुढे ठेवला आणि वही उघडून पुन्हा मिटली. नऊ वाजून गेल्यावर वायरलेस खरखरला. सापडली होती आग. विजेने चिरलेलं जुनं झाड, बुंध्यात धुमसत होतं, भोवतालचं गवत पेटायला लागलं होतं. दोन माणसांनी विझवलं. ऊन तापून वारा सुटला असता तर अख्खा ओढा गेला असता, असं टोळीचा मुकादम म्हणाला.

विल्डाने वायरलेस खाली ठेवला. आनंदाने तिला हसावं की रडावं कळेना. म्हणजे तो डबा नव्हताच!

"काय फिस्कसाहेब? तुमचा डबा पेटला नाही वाटतं? ओला झाला?" ती म्हणाली.

"कसला डबा?"

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? घ्या, लिहा त्या वहीत, सॅडलरच्या म्हातारीला धूर दिसतो. कालपासून काय काय लिहिलंत ते तरी कळू दे." आणि तिने टेबलावरून वही सरळ उचलली. अक्षरं मुंगळ्यांसारखी पांगली. वाचायची तर नाकाला लावावी लागली असती, आणि तो समोर बसलेला. जिंकलेला डाव असा हरायचा? तिने वही त्याच्यापुढे टाकली. "माझा चष्मा कुठे पडलाय कोण जाणे. तुम्हीच वाचा."

फिस्कने वही उघडली. एक पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं.

"वाचा की!"

"भिंती चौदा बाय चौदा फूट," तो हळू आवाजात वाचू लागला. "लाकूड कोरडं, ईशान्येचा कोपरा कुजका. काचा अठ्ठावन्न, आधी काढून घेणे. जवळचं झाड बत्तीस पावलं, तोडणे. झऱ्याजवळ पंप बसवायला जागा आहे. ऑक्टोबर, सकाळी दहाच्या आत, वारा पडलेला असताना. रॉकेल वीस गॅलन."

"रॉकेल कशाला?" तिने विचारलं. विचारताना तिला कळलं होतं.

"जाळायचीय ही खोली. टेहळणीला आता विमानं फिरणार. या खेपेला चार शिखरं आहेत. कागद मार्चमध्येच मंजूर झाला. तुम्हाला सांगणं साहेबांचं काम होतं, त्यांनी ते माझ्यावर ढकललं, आणि काल आल्यापासून माझ्याने बोलवेना."

"मार्चमध्ये," विल्डा म्हणाली. "आणि माझे डोळे?"

"डोळ्यांचं काय?" फिस्क गोंधळून म्हणाला. "तुमच्या डोळ्यांबद्दल कोणी काहीच बोललं नाही."

कोणी काहीच बोललं नाही. रात्रभर ती डोळ्यांचं जे गुपित पोटाशी धरून बसली होती, ते कोणी मागितलंच नव्हतं. तिला भयंकर राग आला, आणि राग कुणावर काढावा ते सुचेना. फिस्कवर काढायला तो माणूस फार रडवेला दिसत होता.

"आजच्या आगीचं मी लिहीन," तो म्हणाला. "विमान निघालं नव्हतं, बर्टला दिसत नव्हतं, हे सगळं लिहीन. कदाचित..."

"लिहा. पण आधी दुसरं लिहा. ज्या दिवशी जाळाल त्या दिवशी बर्टला आदल्या रात्री कळवा. त्याच्याकडून हे शिखर एकशे बारा अंशांवर आहे. नाही कळवलंत तर धूर बघून तो वायरलेसवर ओरडत सुटेल की विल्डाकडे आग लागली, माणसं पाठवा. म्हाताऱ्याचं हृदय अधू आहे."

फिस्कने पेन्सिल उचलली. ती कागदाला टेकली आणि तिथेच राहिली. त्याच्याने लिहवेना.

"आणा इकडे," विल्डा म्हणाली. वही तिने ओढून घेतली, उजवा डोळा मिटला, नाक कागदाला लागेपर्यंत वाकली आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहू लागली. एकशे बारा. एका ओळीवर दुसरी ओळ चढली. फिस्क आपल्याकडे टक लावून बघतोय हे तिला जाणवलं. आता त्याला सगळं कळलं होतं. ती तशीच वाकून, सावकाश, बर्टचं नाव पुरं होईपर्यंत लिहीत राहिली.