पोरगं संगं असलं तर

रामप्रसादनं फासा टाकला, आकडा बघितला आणि चटईवरच्या ढिगातले चार चिंचोके उचलून डब्यात टाकले.

“आता हे काय नवीन?” कल्याण ओरडला.

“खुरात काटे भरले. लंगडी मेंढरं मागं राह्यली, लांडग्यानं नेली.”

“अरे, पण मी दुपारी थांबलो होतो ना!”

“थांबतो म्हणालास. खूर बघतो असं कुठं म्हणालास?”

कल्याणनं कपाळावर हात मारून घेतला. रामप्रसादची बायको वर्षाराणी गालात हसली. रविवारची दुपार, नवीन जालन्यातली दोन खोल्यांची जागा, डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि चटईवर खडूनं काढलेली वाट. हा खेळ कल्याणनंच पुण्याच्या होस्टेलातून आणला होता. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आपण काय करतो ते बोलायचं आणि जमलं की फसलं ते फाशावर सोडायचं. आणला तेव्हा त्यात राक्षस होते, तलवारी होत्या, गुहेत खजिने होते. मग गोष्ट सांगायचं काम रामप्रसादकडं आलं आणि सगळं हळूहळू उडत गेलं. राहिली ती मेंढरं आणि वाट. नियम तर विचारू नका! तहानेला नियम, टाचेच्या भेगांना नियम, घोंगडं भिजलं की जड होतं, त्यालाही नियम. कल्याणची बायको शीतल दोन रविवार खेळली आणि हात जोडून मोकळी झाली.

“आठवडाभर ऑफिसात बियाण्याची पाकिटं बघायची अन् सुट्टीला मेंढरांचे खूर,” कल्याण म्हणाला. “दोस्ता, एवढं खरं कोणाला पाहिजे हाय? मजा म्हणून खेळतात लोक. मी तुला साफ सांगून राह्यलो, आजचा माझा शेवटचा डाव.”

रामप्रसादनं फासा तेवढा मुठीत घट्ट धरला.

त्याला चालायचं होतं. बस, एवढंच होतं सगळं. पण हे कल्याणला कसं सांगणार? सहा वर्षांचा असताना तो वडलांच्या, आबांच्या मेंढरांमागं निघाला होता. दिवाळी झालेली, कळप गंगा, म्हणजे गोदावरी, ओलांडून पार बीडकडं जायचा होता आणि यंदा आपणही गंगा ओलांडणार म्हणून पोरगं हवेत होतं. वडीगोद्रीत आत्याकडं, द्वारकाबाईकडं मुक्काम पडला. सकाळी जाग आली तेव्हा पांदीकडेचं रान मोकळं होतं. लेंड्या पडलेल्या, तीन दगडांमधली राख अजून गरम. आत्यानं तोंड धुऊन शाळेत नेऊन बसवलं. कोणी वाईट केलं नव्हतं. उलट भलंच केलं होतं, म्हणून तर तक्रार करायलाही जागा नव्हती. तो शिकला, नोकरीला लागला, एसटीनं शहागडचा पूल कितीदा तरी ओलांडला आणि दर वेळी खिडकीतून खाली पाण्याकडं बघत राहिला.

त्या पाण्यापर्यंत पायी पोचायचं तर इथंच, या चटईवर. म्हणून सगळं खरं पाहिजे होतं. जरा खोटं वाटलं की त्याच्या नाकातला धुळीचा वास लगेच जायचा.

भिंतीला टेकून आबा बसले होते. म्हस्कूआबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गावाकडून आले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात सुपारी. कळप विकून बरीच वर्षं झाली होती, पण बसल्या बसल्या हात अजून काठी शोधायचा.

“आबा, या,” कल्याण एकदम म्हणाला. “तुम्हीच व्हा म्होरके. मला तर तुमच्या लेकानं नागवलं.”

“मला काय येतंय त्यातलं?”

“येऊन जाईल. तो सांगंल तसं ऐकायचं अन् आपण काय करतो ते बोलायचं.”

रामप्रसादला वाटलं आबा नाही म्हणतील. ते तर सरकत सरकत चटईशी आले, चाचपून चिंचोक्यांवर तळवा ठेवला आणि म्हणाले, “ही मेंढरं? अन् हे काय?”

“ते बटन म्हणजे पोरगं हाय,” वर्षाराणीनं सांगितलं. “कळपाच्या संगं चालून राह्यलं.”

“बरं. कुठवर आलो?”

“वडीगोद्री,” रामप्रसाद म्हणाला. “इथं एक नियम हाय आबा. पोरगं संगं असलं तर रोजची वाट निम्मीच होते. पुढं चारा कमी, म्हणून जेवढे मुक्काम वाढतील तेवढी मेंढरं कमी होणार. न्हाई तर मंग पोराला इथं ठेवता येतं. आत्याकडं.”

“ठेवायचंच असतंय, आबा!” कल्याण हसून म्हणाला. “शाळा हाय, आत्या हाय. आम्ही दर डावाला ठेवतो. त्याच्यात सोचायचं काय?”

खरंच सगळे ठेवायचे. शीतलनं ठेवलं, कल्याणनं ठेवलं. वर्षाराणीनंसुद्धा एकदा ठेवलं होतं. त्या संध्याकाळी नवरा मुकाट जेवला आणि ती बिचारी समजली की भाजी खारट झाली. आता तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा सासऱ्याकडं, आणि तिच्या गालातलं हसू गेलं.

आबा बटनावरून अंगठा फिरवत राहिले.

“एकदा ठेवल्तं,” ते म्हणाले. “या वक्ताला संगं घेतो.”

“आबा, कळप संपंल!”

“संपू दे.”

रामप्रसादनं फासा टाकला. चारा मिळाला नाही. त्यानं चिंचोके उचलले. पुन्हा टाकला, पुन्हा उचलले. त्यानं एकही चिंचोका कमी उचलला नाही. ढीग बसत चालला तसा कल्याण कळवळला, “आरं, बुढ्या माणसाला तरी सोड की!”

“त्याला बराबर खेळू दे,” आबा म्हणाले. “नियम म्हंजे नियम.”

वर्षाराणी मधेच उठून चहा करून घेऊन आली, ती दारातच थांबली. शहागड आलं. खडूची रेघ तिथं रुंद होत होती. इथपर्यंत कितीतरी डाव आले होते आणि रामप्रसादनं दर वेळी पाण्याचं वर्णन घडाघडा केलं होतं. आज त्यानं ते सोडून दिलं. गोष्ट सांगणाऱ्यानं बाकीच्या सगळ्यांच्या तोंडचं बोलायचं असतं, कुत्र्याचं, वाटसरूंचं. पोराच्या तोंडचं तो कधी बोलला नव्हता. इथवर पोरगं आलंच कुठं होतं?

“आबा,” तो म्हणाला, “मला भेव वाटून राह्यलं. पाणी लई हाय.”



आबांनी काळा चष्मा लेकाकडं वळवला. मग चटईवरचं बटन दोन बोटांत धरलं आणि आपल्या खांद्यावर ठेवलं.

“बस वर. मुंडासं धर घट्ट. खाली बघू नगंस.”

“एक हात पोराला गेला,” रामप्रसाद पुटपुटला. “म्हणजे कळपाला एकच हात राह्यला. फासा दोनदा पडंल, आबा.”

“पडू दे.”

पहिला फासा वाईट पडला. दुसरा त्याहून वाईट. रामप्रसादनं चिंचोके उचलले, डब्यात टाकले, पुन्हा उचलले. चटईवर मूठभरही उरले नाहीत.

“गेलं, आबा,” कल्याण हळूच म्हणाला. “कळप वाहून गेला.”

“ते दिसलं रे मला,” आबा म्हणाले. चष्म्याखालून एक ओघळ गालावर आला, तो त्यांनी पुसला नाही. “पोरगं भिजलं का?”

रामप्रसादनं इतके नियम लिहिले होते. याला नियम नव्हता.

“न्हाई, आबा,” तो म्हणाला. “बिलकुल कोरडं हाय.”

“मंग जमलं,” आबा म्हणाले, आणि खांद्यावरचं बटन पडू नये म्हणून मान न हलवता त्यांनी चहासाठी हात पुढं केला.