रेवणप्पा जेवतो कुठं?

नवरा ताटावरून तसाच उठतो आणि तरी दिवसभर चढ चढतो, म्हणजे तो बाहेर कुठंतरी जेवतो. एवढं कळायला गुरम्माला शाळेत जायची गरज नव्हती.

आता बाहेर म्हणजे काही त्यांच्या गावचा, देवणीचा बसस्टँड नव्हे. हे होतं ला पाझ, दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाचं बारा हजार फुटांवरचं शहर. त्यांचा पोरगा सिद्धेश्वर तिथं खाणीच्या कंपनीत इंजिनियर. त्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, देवणीत टँकर आठवड्यानं यायला लागला, तेव्हा पोरानं आईबापाला तिकिटंच धाडली. रेवणप्पाचा पाय निघेना. बैलांच्या कासऱ्या-घुंगरांचं दुकान होतं, त्याचं एवढं काही नाही. पण आपण तिकडं गेलो आणि इकडं उदगीर जिल्हा झाला तर पेढे कोण वाटणार, ही त्याला काळजी. "जिल्हा काय पळून चाललाय व्हय? कवापासनं होऊनच राहिलाय," असं म्हणत गुरम्मानं दुकानाला कुलूप घातलं. जिल्ह्यासाठी हा गडी साखळी उपोषणालाही बसायचा, अन् दुपारी दोनला मंडपामागं जाऊन चिवडा खाऊन यायचा. असा माणूस उपाशी राहील, हे तिला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

तशी पहिल्या सकाळीच त्याची तब्येत बिघडली होती. ही माणसं लिंगायत. दोघांच्याही गळ्यात चांदीची डबी, तिच्यात आवळ्याएवढं काळंभोर इष्टलिंग. ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म-बेल वाहायचा, मगच तोंडात घास. रेवणप्पानं पाणी घातलं आणि तिथल्या विरळ हवेनं त्याचे डोळेच फिरले. गुरम्मानं त्याला सावरलं, गळ्यातली डबी मिटवली, गादीवर निजवलं. हाताखालच्या परातीत पडलेलं पाणी फुलापानासकट गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत ओतलं. नळाला धो धो पाणी होतं, पण त्या उन्हाळ्यात देवणीत तांदळाचं धुवणसुद्धा कुणी मोरीत सोडत नव्हतं, आणि हाताची सवय विमानात बसून जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याची तऱ्हाच बदलली. पूजेला पाठ करून बसायला लागला, हातावर पंचा टाकून. सोबत नेलेल्या पिठाची भाकरी ती थापायची, हा तुकडा मोडायचा, तिथल्या कोकाच्या पानांचा चहा तेवढा प्यायचा आणि म्हणायचा, "या उंचीवर भूकच लागत न्हाई गं." भाकरी खालच्या कुत्र्याला जायची. ते कुत्रं तीन दिवसांत गुटगुटीत झालं.

पोरगा सकाळीच खाणीवर जायचा, म्हणून दोघंच शहर बघायची. लाल केबल कार घरांच्या डोक्यावरून वर जायची. खाली चेटकिणींचा बाजार म्हणतात तो, तिथं उंटासारख्या लामा नावाच्या जनावराची वाळवलेली पिल्लं दोरीला टांगलेली. गुरम्मानं पदर नाकाला लावला आणि मान फिरवली. फिरवते तर रेवणप्पा शेजारी नाही. तासाभरानं आला. "दम लागला म्हून बसलो होतो." शालीला भाजलेल्या मटनाचा वास.

पाणी कुठंतरी मुरत होतं. त्याच दिवशी संध्याकाळी तिनं त्याचा खिसा चाचपला. तेलकट कागदी रुमाल निघाला आणि त्यावर बॉलपेननं काढलेलं अंडं. भाषा येत नाही, म्हणून हा माणूस चित्र काढून अंडी मागतो! साठी उलटल्यावर ही बुद्धी. सात पिढ्यांत घरात कुणी अंडं फोडलं नव्हतं. त्या रात्री सगळा राग तिनं भाकरीवर काढला आणि दोन जास्तीच्या खाल्ल्या.

चौथ्या दिवशी केबल कारच्या स्टेशनावर तो म्हणाला, "तू जाऊन ये वर. मी हितंच बसतो."

"बसा की," ती म्हणाली, दारातून आत गेली आणि खांबाआडून मागं वळली.

रेवणप्पा भिंत धरत धरत निघाला, गुरम्मा मागोमाग. दहा पावलांवर थांबायचा, छातीवर हात ठेवायचा. कोपऱ्यावर गोल टोपी आणि घेरदार झगा घातलेली बाई निखाऱ्यावर मटन भाजत होती. त्यानं तसलाच कागदी रुमाल काढून तिला दाखवला, मग जमिनीकडं बोट केलं. बाईनं नाही म्हणून मान हलवली. त्याचं तोंड बघून तिनं मटनाची एक काडी पुढं केली. रेवणप्पानं दोन्ही हात जोडले आणि मागं सरला. मग पायरीवर बसून त्यानं गळ्यातली डबी उघडली. रिकामी होती.

लिंग हरवलं की जुन्या माणसांत तो माणूस मेल्यात जमा. ते मिळेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. म्हणजे तीन दिवस हा नुसत्या चहापाण्यावर, या असल्या उंचीवर, कागदावर लिंग काढून परक्या मुलखातल्या बायांना विचारत फिरत होता.

ती जाऊन शेजारी बसली. तो दचकला.

"कवा गेलं?"

"दुसऱ्या दिशी डबी उघडली तर न्हवतंच. आदल्या दिशी सांजच्याला बरं वाटलं म्हून या केबलात बसलो होतो, तवाच पडलं असंल."

"पडलं कसं? डबी तर मी मिटवली होती…" डबी मिटवली होती. आत बघितलं नव्हतं. आणि परात.

टॅक्सी करून दोघं घरी आली. गुरम्मानं चप्पलही न काढता कुंडीत हात घातला. वर रोजची फुलं, खाली वाळका बेल, त्याच्याखाली ओली माती. मातीत आवळ्याएवढं काहीतरी बोटांना लागलं.

देवणीच्या स्वामींना फोन लावला. ते म्हणाले, धुवा, भस्म लावा, आधी जेवा. तिनं तांब्याभर पाणी आणून त्याच्या तळहातावरच्या लिंगावर धार धरली.

"शालीला मटनाचा वास, खिशात अंडं. मी काय काय समजले तुमास्नी," ती म्हणाली. "तोंड उघडायचं न्हाई व्हय?"

"समजू दिलं," रेवणप्पा म्हणाला. "मटन खातो असं वाटलं म्हून तू रागावलीस, पण जेवलीस. लिंग गेलं म्हणून सांगितलं असतं तर तूबी घास घेतला नसतास. तुला तर शुगर हाय."

गुरम्मा ताट वाढायला उठली. तिनं भाकरी त्याच्यापुढं ठेवली आणि तिला एकदम आठवलं, दोन खाल्ल्या होत्या तिनं, जास्तीच्या.