दाराला एकोणीस नियम

आता तुम्हीच सांगा मंडळी, खेळायला बसलेल्या माणसाला जांभया येऊ लागल्या तर चूक कोणाची? नगरच्या सावेडीतल्या सुहासरावांच्या मते, जांभई देणाऱ्याची!

सुहासराव सरकारी कचेरीत अव्वल कारकून. दर रविवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती भूमिकांचा खेळ मांडला जायचा. खेळ तसा सोपा. एकानं सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. आपलं पात्र काय करतंय ते बोलून सांगायचं आणि ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. मुलगी मनवा आठवीत असताना बापलेकीनं हा खेळ सुरू केला, तेव्हा सगळे नियम वहीच्या एका पाठकोऱ्या पानावर मावत होते. आता नव्वद पानांची, स्पायरल बाइंडिंगची नियमावली झाली होती. नुसत्या बंद दारावर एकोणीस नियम!

खेळणारे एकेक करून गळाले. उरले दोघंच, मनवा आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू अमृत. त्यात मनवा पुढच्या आठवड्यात कॉलेजसाठी पुण्याला निघाली होती. लेक लांब गेली तरी रविवारी ऑनलाइन खेळू, तेवढीच भेट होईल, अशी सुहासरावांना आशा होती. ती मात्र "बघू" यापलीकडे काही बोलत नव्हती आणि त्यांचा जीव टांगणीला लागला होता. मग या गृहस्थांनी काय करावं? आणखी चार पानं नियम लिहिले!

त्या रविवारी अमृतबरोबर त्याची आजी छबूबाई आली. सोनईहून डोळे दाखवायला आली होती.

"मी पन खेळते की," ती खुर्ची ओढत म्हणाली.

सुहासरावांनी नियमावली पुढे सरकवली. "आधी हे वाचावं लागेल, आजी."

"डोळ्यात औषध घातलंय. वाचता कुटं येतंय? तुमी सांगा, मी करते."

गोष्टीत तिघं एका गढीपाशी पोहोचले. दार आतून बंद. अमृत म्हणाला, धडक मारतो. झालं! लाकडाची जाडी काय, कडीचं वय काय, पानांमागून पानं उलटली. फासा पडला सात. "फेरी वाया!" सुहासराव म्हणाले. मनवानं कडी सरकवायला सुरी घातली. पुन्हा पानं, पुन्हा "फेरी वाया!" असा पाऊण तास गेला. अमृतनं मोबाईल काढला.

मनवा उठली. "बाबा, मला बॅग भरायची आहे. आणि खरं सांगू? पुण्याहून मला नाही खेळायचं."

सुहासराव नियमावली हातात घेऊन अर्धवट उठले.

"थांब गं पोरी, माझा डाव ऱ्हायलाय," छबूबाई म्हणाली. "सायेब, आत कोन हाय?"

"पहारेकरी."

"मग मी हाक मारते. माझं म्हायेर शनीचं शिंगनापूर. आमच्या घरांना दारंच न्हाईत. कुनाकडं गेलं की उंबऱ्याभायेर हुबं ऱ्हायचं आन हाक मारायची. आरं ए पहारेकऱ्या! जेवलास का रं?"

अमृत फस्सकन हसला. सुहासराव घाईघाईनं पानं चाळू लागले. "हाक मारण्याचा नियम नाही!"

"न्हाई तर न्हाई. ल्हानपनी बारकं पोरगं खेळायला आलं, की तुमी काय करायचा?"

"कच्चा लिंबू. त्याच्यावर राज्य नाही."

"मंग? त्यो नियमच हाय ना? कुनी लिवला? बारकं रडत घरी जाऊ नये म्हनून पोरांनीच केला. मानूस खेळात ऱ्हावा म्हनून नियम असतो, सायेब. तुमचा नियम तर मानसाला उठवून लावतोय!"

सुहासरावांना ते चांगलंच लागलं. मान खाली घालून ते म्हणाले, "बरं. तुम्ही कच्चा लिंबू. समजा, दार उघडलं."

"समजा कशापायी? मी काय बारकी हाय व्हय? फुकटचं दार नको मला. फासा द्या! पडंल का न्हाई, ह्या धाकधुकीतच तर समदी गंमत हाय."

छबूबाईनं फासा टाकला. दोन!

'फेरी वाया' सुहासरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. समोर लेक खुर्चीची पाठ धरून उभी होती. त्यांनी नियमावली मिटली, टेबलावरचं लाटणं उचललं आणि भसाड्या आवाजात गरजले, "कोण रे तो? तीन दिवस पोटात अन्न नाही आणि वर माझी थट्टा करता? थांबा, आलोच!" पहारेकरी धाडकन दार उघडून त्यांच्या अंगावर धावून आला!

"अगं बया!" छबूबाई किंचाळली.

"दार उघडलं! पण हा मारतोय!" अमृतनं मोबाईल फेकलाच.

"थांबा, थांबा!" मनवा केव्हाच खुर्चीत येऊन बसली होती. "माझ्या झोळीत पिठलं-भाकरी आहे. पहारेकरीदादा, आधी दोन घास खा, मग मारा!"

"फासा टाक!" तिघंही एकदम ओरडले.

काय हसले म्हणून सांगू! खेळ संध्याकाळच्या चहापर्यंत चालला. अमृतला मारामारी लागते, मनवाला पात्रांशी गप्पा आणि आजीला धाकधूक. पाच वर्षांत सुहासरावांनी हे कुणाला विचारलंच नव्हतं. त्या दिवशी मात्र विचारलं आणि ज्याला जे हवं ते गोष्टीत आणलं.

मंडळी, नियमाशिवाय खेळ नाही, तसं घर नाही आणि कचेरीही नाही. पण नियम करणाऱ्यानं पुस्तकातून डोळे वर करून समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघावं. ते खुललं तर नियम चांगला. ते उतरलं तर तो बदलावा, त्यात कसला आलाय कमीपणा!

मनवानं पुण्याला निघताना दारातून विचारलं, "बाबा, पुढच्या रविवारी किती वाजता?"

"तू म्हणशील तेव्हा," सुहासराव म्हणाले.