टेबलावरची उडी

एर्नी ग्रीनहॉल मालिशच्या टेबलावर चढला, कमरेवर हात ठेवले आणि दगडी फरशीवर उडी मारली. धप्पकन एकच आवाज झाला. एर्नी हसला.

शुक्रवारची ही रीत आमच्या लँकेशायरच्या गावातल्या फुटबॉल संघात जुनीच. गुडघा दुखावलेल्यानं टेबलावरून उडी मारायची. तोंड वाकडं झालं नाही तर शनिवारी खेळायचं. डॉक्टरला विचारतो कोण?

दारात उभा असलेला मॅनेजर वॉल्टर केर्शॉ एर्नीच्या तोंडाकडे बघतच नव्हता. त्याची नजर फरशीवर होती. सगळा भार डाव्या पायावर, दुखरा उजवा नुसता आवाजापुरता आपटला. ही चलाखी त्याला पाठ होती. सतरा वर्षांपूर्वी, स्वतः खेळत असताना, याच टेबलावरून त्यानं ती केली होती. तेव्हाचे मॅनेजर हॅस्लमसाहेब यांना आपण कसं बनवलं, हा किस्सा तो गुत्त्यात रंगवून सांगायचा. पुढचं मात्र सांगत नसे. दुसऱ्याच दिवशी मैदानात गुडघा गेला, तो कायमचा. हॅस्लम स्वतः संत्री घेऊन इस्पितळात आले. वॉल्टरनं रडत कबूल केलं की साहेब, मी तुम्हाला फसवलं. ते मान खाली घालून संत्रं सोलत राहिले. "जाऊ दे रे," एवढंच म्हणाले. पुढे त्यांनीच त्याला हाताखाली घेतलं, जाताना खुर्चीही त्यालाच दिली. अशा देवमाणसाला आपण फसवलं, ही बोच वॉल्टरला आजवर होती.

उद्याचा सामना हंगामातला शेवटचा. हरले तर संघ खालच्या विभागात आणि वॉल्टर घरी. मालकांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. एर्नीशिवाय बचाव म्हणजे नुसती चाळण.

"बघितलंत ना साहेब? ठणठणीत," एर्नी म्हणाला. "आता नाव घाला बुवा. बायकोला सांगून आलोय."

हॅस्लम दर शुक्रवारी इथंच, याच दारात उभे राहायचे. वॉल्टरनं टेबलाकडे पाहिलं, मग फरशीकडे. इथून तर आंधळ्यालाही दिसलं असतं. संत्रं सोलताना हॅस्लमनी खाली घातलेली ती मान त्याला आठवली.

मालिश करणारा सॅम जवळ आला. दोघं एकेकाळी एकत्र खेळलेले.

"वॉल्टर, त्याला एकदा नुसत्या उजव्या पायावर उतरायला सांग," तो हळूच म्हणाला.

वॉल्टरनं खिशातून उद्याच्या संघाची यादी काढली, दारावर धरली, पेन्सिल जिभेला लावली आणि मधल्या रिकाम्या जागी एर्नीचं नाव लिहिलं. एर्नी शीळ घालत बाहेर गेला. पायऱ्या उतरताना त्यानं कठडा धरला होता.

सॅम टॉवेलांच्या घड्या घालत राहिला. त्यानं मान वर केली नाही.

"सॅम," पेन्सिल खिशात ठेवत वॉल्टर म्हणाला, "बाजारात संत्री आहेत का रे अजून?"