मेलबर्नहून आलेलं खोकं

माझा नवरा नाउम लग्नांत गातो आणि वाजवतो. म्हणजे गातो तो, वाजवतो लॅपटॉप. आमच्या बितोला गावात ही गोष्ट माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. गळ्यात अकॉर्डियन अडकवायचा, डोळे मिटायचे, खांदे उडवायचे, आणि टेबलाखालच्या लॅपटॉपमधून ढोल, क्लॅरिनेट, एवढंच काय, खुद्द अकॉर्डियनसुद्धा वाजायचा. लोक म्हणायचे, "काय बोटं आहेत नाउमची!" बोटं होती, नाही असं नाही. मी त्या बोटांवर भाळूनच त्याच्याशी लग्न केलं. पण घरात लॅपटॉप आला आणि बोटांनी पेन्शन घेतली.

उन्हाळ्यात आम्ही मेलबर्नला गेलो होतो, माझ्या थोरल्या भावाच्या, स्पासेदादाच्या मुलाच्या लग्नाला. नाउमनं तिथंही वाजवलं, मनसोक्त प्यायला, निघताना ओळखी-अनोळखी सगळ्यांना मिठ्या मारल्या आणि लॅपटॉप दादाच्या सोफ्याखाली विसरला. आठवण झाली तेव्हा विमान समुद्रावर आलं होतं. त्यानं हवाईसुंदरीला विचारलं, "बाई, जरा मागं वळवता येईल का?"

दादानं लॅपटॉप खोक्यात घालून पाठवला. पाठवताना पावतीवर काय पाठवतोय ते लिहावं लागतं. माझ्या शहाण्या भावानं लिहिलं, "नवा कोरा लॅपटॉप, अत्यंत महाग, बहिणीला भेट."

मी फोनवर ओरडले, "दादा, तो आमचाच आहे! पाच वर्षं जुना!"

"ते पार्सलवाल्याला कुठं माहीत? स्पासे अर्धं आयुष्य ऑस्ट्रेलियात आहे आणि बहिणीला जुनंपानं पाठवतो, असं म्हणायला पाहिजे का लोकांनी?"

"कुठले लोक? खोकं बंद असतं!"

"बंद खोक्याचीच जास्त चर्चा होते, वेल्का. तू अजून लहान आहेस."

मी पन्नाशीची आहे.

व्हायचं तेच झालं. खोकं कस्टममध्ये अडकलं आणि आम्हाला बोलावणं आलं. त्या शनिवारी क्रस्ते कसायाच्या मुलीचं लग्न होतं आणि नाउमनं केव्हाच होकार दिला होता. आम्ही गुरुवारी सकाळीच स्टेशनामागच्या कचेरीत जाऊन रांगेत उभे राहिलो.

खिडकीमागं त्रेंदाफिल्काबाई. त्रेंदाफिल म्हणजे आमच्याकडं गुलाब. या बाईंच्या वाट्याला फक्त काटे आले होते. त्यांनी कागद वाचला, चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "नवा कोरा. अत्यंत महाग. वा! मग करही तसाच भरा."

"बाई, तो जुना आहे," नाउम म्हणाला. "माझाच आहे. मी तिथं विसरलो."

"विसरलात? साता समुद्रांपलीकडं?"

"प्यायला होता," मी म्हणाले. खरं सांगितलं की काम लवकर होतं, अशी माझी समजूत.

बाईंनी खोकं फोडलं, लॅपटॉप काढला, उघडून उलटा केला आणि टेबलावर आपटल्यासारखा झटकला. आतून काय काय पडलं नाही ते विचारा! नवरानवरीवर उधळलेले तांदळाचे दाणे, चमकी, केकचा चुरा, भाजलेल्या मिरचीच्या बिया आणि कुणाचं तरी खोटं नख. रांगेतली माणसं वाकून बघायला लागली.

"बरं. नवा नाही, हे कबूल," बाई म्हणाल्या. "पण तुमचाच कशावरून? देशाबाहेर नेताना सीमेवर नोंद केली होती?"

"लॅपटॉपची नोंद कोण करतं?"

"नियम पाळणारी माणसं करतात. चालू करा."

नाउमनं चालू केला. पडद्यावर फोटो आला: नाउम उघडाबंब, एका डुकराच्या गळ्यात हात टाकून बसलेला. दोघंही हसत होते. रांगेतनं कुणीतरी म्हणालं, "डावीकडचा नाउम ना?"

बाईंनी फोटो पाहिला, नाउमला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "तुमचाच आहे. पण आणखी एक अडचण आहे. बिल नाही, नोंद नाही, कागदावर 'भेट' लिहिलंय. हे तुमच्या धंद्याचं अवजार आहे आणि याच्यावाचून तुमचं पोट अडतं, असं ठरलं तर कर न घेता सोडता येईल. तुमचा धंदा काय?"

"मी वादक आहे," नाउम छाती काढून म्हणाला.

"मग तुमचं अवजार अकॉर्डियन. लॅपटॉप कशाला लागतो?"

आता आली का पंचाईत! अख्खं गाव रांगेत उभं. 'लॅपटॉपशिवाय मला वाजवता येत नाही,' हे तो कसं सांगणार? त्याचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. "लागतो," एवढंच तो पुटपुटला. "थोडासा. आधाराला."

"बघू," म्हणत बाईंनी पुन्हा खोक्यात हात घातला. "आणि हे काय?"

त्यांच्या हातात एक केसाळ, तपकिरी पिशवी होती. मुठीएवढी. तोंडाला चामड्याची नाडी. दादानं मेव्हण्यासाठी गुपचूप घातलेली भेट. सोबत चिठ्ठी: 'अस्सल कांगारू. सुटे पैसे ठेवायला.'

बाईंनी पिशवीत दोन बोटं घातली, आतून चाचपली, गालाला लावून बघितली. "मऊ आहे हो. कानाची आहे का?"

नाउमचा चेहरा उजळला. ही पिशवी त्यानं मेलबर्नच्या दुकानात पाहिली होती आणि मी घेऊ दिली नव्हती. "नाही बाई, कानाची नाही. गोट्यांची."

"कसल्या गोट्या?"

"कांगारूच्या. नर कांगारूच्या. गोट्या काढून टाकतात आणि पिशवी तेवढी ठेवतात."

बाईंनी ती जी फेकली, ती थेट शिक्क्याच्या शाईच्या गादीवर. रांगेतली एक म्हातारी छातीवर क्रूस काढायला लागली. बाकीच्यांना बसायला जागा नव्हती म्हणून ते भिंतीला टेकून हसले.

त्रेंदाफिल्काबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हात धुतले, परत आल्या आणि थंडपणे म्हणाल्या, "प्राण्यापासून बनवलेली वस्तू. म्हणजे गुरांच्या डॉक्टरांनी तपासायला हवी. एका खोक्याला एकच नंबर असतो. हिचा निकाल लागल्याशिवाय लॅपटॉप हलणार नाही. उद्या या."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर ग्लिगोर आले. जिल्ह्यातली निम्मी गुरं त्यांच्या हातून जन्मलेली. त्यांनी पिशवी उजेडात धरली, हुंगली, उलटी केली आणि डोकं हलवत म्हणाले, "मी आयुष्यभर बैलांचे अंडकोष काढले, पण कुणी ते शिवून सुटे पैसे ठेवायला मागितले नाहीत. आपण मागासलेलेच राहिलो."

"डॉक्टर, कशात धरायची ते सांगा," बाई म्हणाल्या.

"तोच तर घोळ आहे. कातडं म्हणावं तर हा अवयव आहे. अवयव म्हणावं तर खाण्याजोगा की कसं, ते लिहावं लागतं."

"खायचा नाहीये!" मी म्हणाले.

"तसं मी लिहू शकत नाही, ताई. लोक काहीही खातात."

शेवटी तिकडच्या डॉक्टरचा दाखला मागवायचं ठरलं. मी दादाला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. तो झोपेतून उठला.

"दाखला? कसला दाखला? इथं विमानतळावर ढिगानं विकतात! चष्म्याच्या डबीशेजारी!"

"दादा, कांगारू निरोगी होता असं कुणी लिहून देईल का?"

"तो मेलाय, वेल्का! निरोगी कसा असेल?"

"मेव्हण्या," नाउम फोनवर वाकून म्हणाला, "भेट फार आवडली हं."

"तुलाच कदर आहे बघ. माझ्या बहिणीला कधी चांगल्या वस्तूची पारख नव्हती. नाहीतर तुला..." पुढचं मी ऐकू दिलं नाही. फोन बंद केला.

राहिले दोन रस्ते. सगळं खोकं परत मेलबर्नला, नाहीतर पिशवीवरचा हक्क सोडतो असं लिहून द्यायचं. मग तिघांच्या समितीसमोर ती जाळतात. नाउमनं पेन हातात घेतलं आणि ठेवलं. आदल्या संध्याकाळी त्यानं खानावळीत सगळ्यांना पिशवी दाखवायचं कबूल केलं होतं.

"सही कर," मी म्हणाले.

"वेल्का, असली गोष्ट आपल्या गावात दुसऱ्या कुणाकडं नाही."

"आहे. निम्म्या गावाकडं आहे, फक्त नाडी नाही. कर सही!"

केली. पण समिती सोमवारी बसणार होती, आणि लग्न शनिवारी.

त्या रात्री नाउमनं माळ्यावरून अकॉर्डियनचं जुनं खोकं काढलं. खरा, वाजणारा अकॉर्डियन. लग्नात मिरवायचा तो नुसता दिखाऊ होता, त्याच्या निम्म्या पट्ट्या मुक्या होत्या. शिवाय मोठा ढोल वाजवणाऱ्या देमिरला सोबत बोलावलं. देमिर म्हणाला, "उस्ताद, मी तुमच्यासोबत? तुम्हाला ढोल कशाला हवा, तुमचा तर आपोआप वाजतो." म्हणजे त्यालाही माहीत होतं. मला वाटतं, बऱ्याच जणांना माहीत होतं.

लग्नाला सगळं गाव. क्रस्तेनं मांसाचे डोंगर मांडले होते. पहिलं गाणं नाउमनं गळ्यावर काढलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. मग नवरीनं हातात हात गुंफून फेर धरला. फेराच्या अगदी पुढं, रुमाल फिरवत, सोनेरी बूट घातलेली नवऱ्या मुलाची आत्या. बघते तर त्रेंदाफिल्काबाई! कचेरीबाहेर त्या निम्म्या वयाच्या दिसत होत्या.

फेर रंगात आला, लय चढली, आणि नेमका तिथंच नाउमचा हात अडला. सूर सापडेना. अख्खा फेर एक पाय वर करून उभा. बाई सगळ्यांत पुढं, रुमाल हवेत, बूट हवेत. एखादा बगळा तळ्यात उभा राहतो तशा. पाय खाली ठेवायचा तर सुराशिवाय कसा ठेवणार?

"काय रे, वीज गेली का?" कुणीतरी ओरडलं.

मला हसू आवरेना. खरंच सांगते, टेबलाखाली तोंड घालून हसले. मग वर बघितलं तर नाउम माझ्याकडं बघत होता, आणि माझं हसू पळालं. मास्तरांनी उभं केल्यावर पोरं बघतात तशी नजर. मी पाण्याचा पेला घेऊन गेले.

"वेल्का, यापुढं काय येतं?"

"मला काय ठाऊक! तूच वाजवायचास. आमच्या दारासमोर. बाबांनी बादली ओतली होती तुझ्यावर."

"थंडीचे दिवस होते," तो म्हणाला.

"होते. आणि तू थांबला नव्हतास."

तो पुन्हा सुरू झाला. चांगलं वाजत होतं असं मी म्हणणार नाही. चुकत होता, पट्ट्या घसरत होत्या, देमिर जिथं खड्डा पडेल तिथं ढोल बडवून बुजवत होता. लोक नाइलाजानं स्वतःच मोठ्यानं गायला लागले. क्रस्तेनं राकियाच्या आणखी बाटल्या उघडल्या, म्हणाला, "प्या रे, म्हणजे कळणार नाही." शेवटच्या गाण्यापर्यंत नाउमचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता आणि अंगठ्याला फोड आला होता.

सोमवारी समिती बसली: त्रेंदाफिल्काबाई, डॉक्टर ग्लिगोर आणि गोदामाचा राखणदार. मागच्या अंगणात पत्र्याच्या पिंपात जाळ केला. डॉक्टरांनी चिमट्यानं पिशवी धरली आणि आत सोडली. नाउमनं टोपी काढली. राखणदारानंही काढली, कुणी मेलं असेल अशी त्याची समजूत झाली. केस जळल्याची दुर्गंधी सुटली, आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या आणि आत आलो.

"आता लॅपटॉप," बाई म्हणाल्या.

नाउमनं घरून भाषण पाठ करून आणलं होतं. "बाई, आजचं संगीत आणि पूर्वीचं संगीत यांत..."

बाईंनी हात वर केला. "पुरे. शनिवारी मी होते तिथं. माझा एक पाय हवेत होता. किती वेळ ते कुणी मोजलं नाही, पण मला वाटलं हिवाळा येईल." त्यांनी कागद ओढला. "हे या माणसाच्या धंद्याचं अवजार आहे. याच्यावाचून त्याला धंदा करता येत नाही. मी स्वतः साक्षीदार आहे." आणि धाडकन शिक्का मारला. "घेऊन जा. लवकर. पुढच्या महिन्यात माझ्या पुतणीचं लग्न आहे, हे चार्ज करून आणा."

कर लागला नाही. मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. नाउम मात्र लॅपटॉप पोटाशी धरून मान खाली घालून चालत होता. बाजाराच्या घड्याळापाशी थांबला.

"एवढं वाईट वाजवलं मी?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणाले.

"सगळंच?"

"शेवटचं जरा बरं होतं. मी उठून नाचले असते, पण तू बघितलं असतंस."

घरी जाताना बाजारातून हिवाळ्याच्या चटणीसाठी घेतलेलं मिरच्यांचं पोतं त्यानं उचललं, एरवी मला उचलावं लागतं.

आता रोज सकाळी मी अंगणात चुलीवर मिरच्या भाजते आणि तो शेजारी स्टुलावर बसून अकॉर्डियन बडवतो. शेजारीण खिडकी लावून घेते. लॅपटॉप अजून लग्नांत वाजतोच, पोट कुणाला चुकलंय? पण एका गाण्यातला अकॉर्डियन त्यानं पुसून टाकलाय आणि तेवढा स्वतः वाजवतो. कुठलं गाणं ते कुणाला सांगत नाही. मला मात्र नाचणाऱ्यांकडं बघून कळतं, कारण एका जागी सगळ्यांची पावलं जराशी अडखळतात. त्यांना वाटतं, राकिया चढली.